स्वस्त शालूची लाज कोणाला?

"त्यातलं जरा वरचं दाखवा."

हे वाक्य तुम्ही म्हटलं नसेल तर ऐकलं तरी नक्की असेल. बस्ता बांधायला बसलेल्या बायकांच्या घोळक्यात ते हटकून निघतं. दुकानदार बिचारा शालू उलगडतो आठ हजारांपासून. पांढऱ्या गादीवर लाल, राणी, मोरपंखी ढीग पडतो. मुलीच्या आईचा हात एका साडीवर थांबतो, आणि तेवढ्यात बाजूला बसलेली कुणीतरी मावशी, काकू, आत्या म्हणते, "त्यातलं जरा वरचं दाखवा." मग दुकानदाराला आणखी काही बोलायची गरजच पडत नाही. पुढचं काम आपणच करतो.

२०१८ साली बेळगावच्या एका दुकानात हे वाक्य मी म्हटलं. माझ्या चुलत जावेच्या मुलीचं लग्न होतं. जाऊ चिकोडीकडच्या खेड्यात राहते. नवरा लवकर गेला, दोन एकर रान, एक म्हातारी म्हैस. आमच्याकडे नवरीचा शालू वराकडच्यांनी घ्यायचा अशी जुनी रीत, पण बैठकीत त्यांनी "बस्ता तुमच्याकडेच ठेवा, आम्ही काही मागत नाही" असं गोड बोलून सगळं हिच्यावर टाकलं होतं. काही न मागण्याची ही पद्धत फार महाग पडते. ती मला म्हणाली, "आक्का, तुमी शहरातल्या, तुमीच बघा की वो. मला काय कळतंय त्यातलं." तिचा हात साडेआठ हजारांच्या एका शालूवर होता. लाल रंग, बारीक बुट्टा, पोरीला शोभलाही असता. मी म्हटलं, "त्यातलं जरा वरचं दाखवा." मग अठरा, मग चोवीस, शेवटी एकतीस हजारांवर आम्ही उठलो. ब्लाउजचं नक्षीकाम वेगळं.

दोन वर्षांनी, लॉकडाऊनमध्ये, फोनवर बोलता बोलता मला कळलं की ते पैसे तिने बचत गटातून उचलले होते. कर्ज घेतलं होतं म्हशीसाठी. म्हैस काही आलीच नाही. दर आठवड्याचा हप्ता मात्र येत राहिला. आणि मी हळहळले तर तीच मला म्हणते, "न्हाई वो आक्का, तुमी होता म्हणून दुकानात धीर आला."

ते ऐकल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणून आज स्पष्ट लिहिते. कुणाला झोंबलं तर आधी मला झोंबलंय एवढं लक्षात ठेवा.

माझं म्हणणं असं आहे. परवडणारा लग्नाचा शालू शोधणं ही आपल्याकडे गरिबाची अडचण समजली जाते. ती हळू आवाजात बोलायची गोष्ट असते. पण आपण जैन आहोत. आपल्या धर्माने जे पाच अणुव्रत गृहस्थाला सांगितले, त्यातले निदान दोन, अहिंसा आणि परिग्रहपरिमाण, या एका शालूत अडकलेले आहेत. तेव्हा स्वस्त आणि साधी साडी शोधणारी बाई कमी पडत नाही, ती धर्माने वागते. लाज वाटायचीच असेल तर ती तिला वरचं दाखवायला सांगणाऱ्या आपल्याला वाटली पाहिजे.

आता हिंसेचं बघू. आपल्या लग्नाच्या जेवणात कांदा-बटाटा चालत नाही. सूर्य मावळायच्या आत पंगती उठाव्यात म्हणून आपण आचाऱ्याच्या मागे लागतो. माझी आजी पाणी गाळून झालं की फडक्यात राहिलेले जीव मरू नयेत म्हणून ते फडकं पुन्हा विहिरीतच अलगद बुडवायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची एवढी काळजी करणारी आपण माणसं! आणि त्याच मांडवात, त्याच उपाध्यांसमोर, जी नवरी उभी असते तिच्या अंगावर काय असतं?

रेशीम कसं होतं हे आपल्याला शाळेत शिकवलंय, पण आपण ते दुकानात जाताना घरी ठेवून जातो. रेशमाचा किडा पंचवीसेक दिवस तुतीचा पाला खातो. मग दोन-तीन दिवस तोंडातून धागा काढत स्वतःभोवती कोष विणतो. आत त्याचं रूप बदलतं. त्याला जगू दिलं तर दहा-बारा दिवसांत पतंग होऊन तो कोषाला भोक पाडून बाहेर येईल. पण भोक पडलं की धागा तुटतो. एका कोषातला धागा सलग काढला तर किलोमीटरच्या आसपास भरतो. तो सलग मिळावा म्हणून आतला जीव बाहेर यायच्या आधीच वाफेवर किंवा गरम हवेत मारतात, आणि मग कोष गरम पाण्यात टाकून धाग्याचं टोक शोधतात. किलोभर रेशमाला असे काही हजार कोष लागतात. भरजरी शालूत जरी अर्धा-पाऊण किलो रेशीम धरलं, तरी दोन-अडीच हजार जीव एका नवरीच्या अंगावर येतात. त्यावर आपण मंगल अक्षता टाकतो.

कुणी म्हणेल, आम्ही कुठे मारतो? मारणारा वेगळा, विणणारा वेगळा, आम्ही नुसतं विकत घेतो. बायांनो, हे दुसऱ्या कुणी म्हटलं तर चालेल, आपल्याला म्हणता येत नाही. कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द आपण पाठशाळेत शिकलो. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान डोलावणं, या तिन्हींचा दोष लागतो असं आपले शास्त्र सांगतं. गिऱ्हाईक नसेल तर कोष कोण उकळेल? आणि "काय सुंदर शालू आहे, प्युअर आहे ना?" असं म्हणत पदर चिमटीत धरून बघणं ही अनुमोदना नाही तर दुसरं काय?

कुणी म्हणेल, गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही. खरं आहे. चूल पेटवली, घर झाडलं, रान नांगरलं की हिंसा होते. त्याला आरंभी आणि उद्योगी हिंसा म्हणून गृहस्थाला सूट आहे. जाणूनबुजून, ठरवून त्रस जीव मारणं, ती संकल्पी हिंसा, ती मात्र श्रावकाने सोडायची. आता तुम्हीच सांगा, पोटासाठी चूल पेटवणं आणि तीन तासांच्या मिरवणुकीसाठी शालू घेणं एकाच रकान्यात कसं बसवणार? चुलीवाचून घर चालत नाही. शालूवाचून लग्न लागतं.

आणखी एक. आपल्याकडे कितीतरी घरांत रेशमी वस्त्र सोवळ्याचं, पूजेचं म्हणून मानलं जातं. ही समजूत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आपल्या घरात आली आणि देव्हाऱ्यापर्यंत पोचली. आज कितीतरी त्यागी, मुनी पूजेत रेशीम वापरू नका म्हणून सांगतात. आपण ऐकतो, मान हलवतो आणि पुढच्या महिन्यात बस्त्याला जातो.

आता परिग्रहाचं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची मर्यादा ओलांडण्याचे दोष सांगितलेत. शेत, घर, सोनं, धान्य यांच्या यादीत शेवटी 'कुप्य' असा एक शब्द येतो. पूज्यपाद आचार्यांनी आपल्या टीकेत त्या शब्दाचा अर्थ उलगडताना कापसाच्या वस्त्रांबरोबर रेशमी वस्त्रंही मोजली आहेत. म्हणजे इतक्या शतकांपूर्वी एका दिगंबर आचार्यांना कळलं होतं की माणसाची हाव कपाटातही बसते. आपण सोन्याचा परिग्रह समजतो, जमिनीचा समजतो. कपाटातल्या बासनात बांधलेल्या साड्यांना मात्र आपण 'हौस' म्हणतो.

आर्यिका माताजी गावात येतात तेव्हा आपण सगळ्या धावत दर्शनाला जातो. त्यांच्या अंगावर काय असतं? एक पांढरी सुती साडी. त्यांच्यापुढे वाकताना आपल्या काठपदराचा आवाज होतो, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आपण काही आर्यिका नाही, हे मलाही कळतं. लग्नात पोरीने पांढरं नेसावं असं माझं म्हणणं नाही. रंग हवा, काठ हवा, हिरवा चुडा हवा. पण आपण जिला वंदन करतो तिच्यापासून इतकं लांब उभं राहायचं, की मधल्या वाटेवर एखादी सुती साडीसुद्धा बसू नये?

यावर बायका काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण मीच सगळं म्हटलेलं आहे.

पहिलं, "आयुष्यात एकदाच होतं हो लग्न." मान्य. पण आयुष्यात एकदाच होणाऱ्या गोष्टीचं कर्ज तीन वर्षं दर आठवड्याला फेडायचं असतं. शिवाय लग्न एकदाच होतं म्हणूनच तर एकदाच नेसायच्या साडीवर एवढे पैसे का, असाही त्याचा अर्थ निघतो. तुमचा स्वतःचा शालू लग्नानंतर किती वेळा नेसलात, मोजा. मी मोजलं. चार वेळा. त्यातलं एकदा डोहाळेजेवणाला, तेव्हा तो मला बसत नव्हता.

दुसरं, "ज्यांना परवडतं त्यांनी घेतलं तर बिघडलं कुठे?" बिघडतं. कारण लग्न चार भिंतींत होत नाही. परवडणारी बाई पंचेचाळीस हजारांचा शालू घेते, तो बघून न परवडणारी तीस हजारांचा घेते, आणि तो बघून माझ्या जावेसारखी कर्ज काढते. पायरी वरच्या बायकांनी वाढवली की धाप खालच्या बायकांना लागते. शहरातल्या चार घरांची हौस खेड्यातल्या चाळीस घरांचा रिवाज होतो. परवडणारीची जबाबदारी म्हणूनच जास्त. तिने साधं नेसलं तर कुणी तिला गरीब म्हणणार नाही. आणि तिच्यामागून येणारीला साधं नेसायला तोंड मिळेल.

तिसरं, "विणकरांच्या पोटाचं काय?" हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. आपल्या शहापूर-वडगावात माग आहेत. तिथल्या साड्या घ्यायला कोल्हापूर-सांगलीहून लोक येतात. पण मला सांगा, काचेच्या दारातून आत गेल्यावर एकतीस हजार मोजले, त्यातले मागावर बसलेल्या माणसाच्या हातात किती पडले असतील? दुकानाचं भाडं, दिवे, जाहिरात, दलाली, सगळं आपण विणकराच्या नावावर खपवतो. विणकराची खरी काळजी असेल तर त्याच्याकडे जा आणि त्याने विणलेली सुती साडी घ्या. एका शालूच्या पैशात दहा सुती साड्या येतील, म्हणजे मागाला कामही दहापट. आणि त्या साड्या बायका नेसतील, फाडतील, पुन्हा घ्यायला येतील. बासनात पडलेला शालू विणकराला दुसऱ्यांदा जेवू घालत नाही.

चौथं, "मग अहिंसा रेशीम घ्या की!" हो, तसं रेशीम निघतं. हैदराबादला हातमाग खात्यात असलेल्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडून गेल्यावर राहिलेल्या कोषातून सूत काढून साड्या विणायची पद्धत वाढवली. माणूस मोठा, काम मोठं. पण तो धागा सलग नसतो, कापसासारखा कातावा लागतो, म्हणून ती साडी साध्या रेशमाहूनही महाग पडते. ज्या घराला साधा शालू झेपत नाही त्याला हे सांगणं म्हणजे भाकरी नसेल तर शिरा खा म्हणण्यासारखं. शिवाय तिथेही प्रश्न तोच राहतो, नवरीच्या अंगावर रेशीमच हवं हे ठरवलं कुणी?

पाचवं, आणि हे सगळ्यात चिवट. "दुसऱ्याचं नेसलेलं नवरीला घालू नये, अपशकुन असतो." वा! रिसेप्शनला बारा-पंधरा हजार भाडं भरून आणलेला घागरा कुणाकुणाच्या अंगावरून आलेला असतो हे विचारता का हो? तो घामाने भिजलेला, पिना लावून लावून भोकं पडलेला घागरा चालतो, कारण त्याला भाडं दिलंय. पण सख्ख्या मावशीचा, तिच्या भरल्या संसारातून आलेला शालू फुकट मिळाला तर अपशकुन! म्हणजे अपशकुन साडीत नाही, फुकटात आहे. पैसे मोजले की तो जातो.

हे सगळं मला २०१९ साली कळत होतं का? नव्हतं. त्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न झालं. आम्ही वराकडचे. सुनेला मी बेचाळीस हजारांचा शालू घेतला आणि तो ताटात घालून सगळ्यांना दिसेल असा मांडवभर फिरवला. किंमत मी सांगितली नाही, पण सगळ्यांना कळेल अशी व्यवस्था केली. ती कशी करायची हे तुम्हा-आम्हाला शिकवावं लागत नाही.

२०२० मध्ये काय झालं आठवतं? लग्नाला पन्नासच माणसं, दुकानं बंद. आमच्या ओळखीतली दोन-तीन लग्नं त्या दिवसांत लागली. नवऱ्या घरात होतं ते नेसल्या. एकीने आईची काठापदराची नेसली, एकीने वहिनीची. उपाध्यांनी तेच मंत्र म्हटले, अक्षता तेवढ्याच पडल्या. त्या पोरींचे संसार आज नीट चाललेत. कुणाचं काही अडलं नाही. संकट गेलं आणि आपण लगेच दुकानात पळालो, जणू दोन वर्षांचा उपास सोडायचा होता.

मग २०२३ साली माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तोवर जावेच्या कर्जाची गोष्ट मला कळून चुकली होती. मी मोठ्या उमाळ्याने मुलीला अहिंसेवर चार शब्द सांगितले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तुला धर्म माझ्याच लग्नात का गं आठवला? दादाच्या लग्नात वहिनीला शालू घेताना कुठं होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. वराची आई असताना आपल्याला प्रतिष्ठा आठवते आणि नवरीची आई झालो की अपरिग्रह. मुलगी ते बरोबर ओळखते. म्हणून मी तिला धर्म सांगायचं बंद केलं आणि विचारलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "मला तुझा शालू नेसायचाय. लहानपणापासून."

आम्ही हौसेने बासन सोडलं. एकतीस वर्षांचा शालू. जर काळवंडली होती. उलगडायला गेले आणि घडी होती तिथे तो दोन बोटं विरला. मुलीच्या हातातच फाटला. ज्याच्यासाठी माझ्या वडिलांनी त्या काळी उसाच्या बिलातून पैसे बाजूला काढले, जो मी जपून जपून चार वेळा नेसले, तो न नेसल्याने फाटला. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसलो. त्या दिवशी परिग्रह म्हणजे काय ते मला कळलं. जे आपल्याला वापरता येत नाही, दुसऱ्याला देववत नाही आणि शेवटी टिकतही नाही, ते.

मग आम्ही इरकल घेतलं. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं, हातमागावरचं, लाल काठाचं, गडद हिरवं. आपल्या आज्या-पणज्या जन्मभर हेच नेसल्या, त्यात नवं काही नाही. तुम्ही घ्यायला गेलात तर एक सांगते. इरकलचं अंग सुती असलं तरी पदर पुष्कळदा रेशमाचा असतो. पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात, तिकडे त्याला तोपे तेणी म्हणतात, मोठं कसबी काम असतं. म्हणून पदर कशाचा आहे ते विचारून घ्या. रेयॉनचा पदरही मिळतो, चमक तशीच, आणि त्यात जीव मारावा लागत नाही. वर गुळेदगुड्डच्या खणाचं ब्लाउज शिवलं. तिथेही सूत कुठलं ते विचारलं. साडी, ब्लाउज, शिलाई धरून साडेचार हजारांच्या आत सगळं बसलं. मुलगी सुरेख दिसत होती. आईच बोलते म्हणून सोडून द्या हवं तर.

पण मांडवात काय झालं ते लपवत नाही. दोघी-तिघींनी पदर चिमटीत धरून पाहिला. एकीने कानाजवळ येऊन विचारलं, "घरात काही अडचण होती का हो?" आणि इतकं सगळं कळून-सवरून, मी क्षणभर मान खाली घातली. म्हणाले, "नाही हो, तिचीच आवड." धर्माचं नाव काढायची हिंमत झाली नाही. मुलीच्या आवडीमागे लपले. लाज कुठे मुरलेली असते बघा.

म्हणूनच मला वाटतं, हे एकटीदुकटीने होण्यासारखं काम नाही. १८९९ साली आपल्या समाजाने सभा स्थापन केली. पुढे त्या सभेने मुलामुलींच्या शिक्षणासाठी वसतिगृहं चालवली, म्हणून आपल्यासारख्या कितीतरी घरांतली मुलं शिकली. त्या काळी एकट्या बापाने ते केलं असतं तर लोक हसले असते. सगळ्यांनी मिळून केलं म्हणून ती रीत झाली. साडीचंही तसंच व्हायला हवं. मोठ्या ठरावांची गरज नाही. आपल्या महिला मंडळाला जमेल एवढंच सांगते.

बैठकीत पहिला शब्द वराच्या आईने टाकावा. "शालूवर पाच हजारांच्या वर जायचं नाही, आणि रेशीम नको" एवढं वाक्य. नवरीची आई हे बोलू शकत नाही, तिने बोललं तर ते कंजूषपण ठरतं. वराची आई बोलली तर तो मान ठरतो. आपल्यातल्या प्रत्येकीला मुलगा असेल तर ही एक संधी मिळते. मी माझी घालवली. तुम्ही घालवू नका.

मंडळात एक पेटी ठेवावी. ज्यांच्या कपाटात शालू पडून आहेत त्यांनी ते विरायच्या आत तिथे आणून द्यावेत. घेऊन ठेवलेल्या रेशमातली हिंसा तर होऊन गेली, ती परत फिरवता येत नाही. निदान त्या एका साडीवर दहा नवऱ्या उभ्या राहिल्या तर नऊ नवे शालू वाचतील. ब्लाउज शिवताना आत माया सोडायला सांगा, म्हणजे ते सैल-घट्ट करता येईल. शिंप्याचा तो शब्द मला फार आवडतो. कापडात माया सोडली की ते दुसरीच्याही अंगाला बसतं.

पदर चिमटीत धरणं बंद करा. किंमत विचारू नका, कुणी सांगायला लागली तर विषय बदला. आपल्या जिभेवर एवढा ताबा आला तर अर्ध्या आयांचं अर्ध कर्ज वाचेल.

आणि बस्त्याला कुणाबरोबर गेलात तर गप्प बसा. जिचे पैसे आहेत तिचा हात कुठल्या साडीवर थांबलाय तेवढं बघा. तो थांबला की दुकानदाराला म्हणा, "हीच बांधा."

गेल्या दिवाळीत मी जावेकडे गेले होते. तिची धाकटी आता लग्नाची झालीय. निघताना ती म्हणाली, "आक्का, बस्त्याला येशीला न्हवं?" मी येते म्हटलंय. या खेपेला साडेआठ हजारांचाही शालू नको, इरकल बघू, असं तिला सांगायचंय. ती ऐकेल का, माहीत नाही. व्याह्यांकडचे काय म्हणतील, तेही माहीत नाही. पण गोठ्यातली रिकामी जागा मी पाहिली आहे. या वेळी ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.